पागेत खाली काय अंथरायचं? पेंढा, भुसा की तूस (पुणे, ऐन पावसाळा)

पिरंगुटची_पागा
४ जुलै, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज अडलं म्हणून पहिला धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

फेब्रुवारीत आमच्याकडे एक घोडी आली. थरोब्रेड, ९ वर्षांची, रेसमधून निवृत्त, रंगाने कुमैत, स्वभावाने गरीब पण खायला कायम पुढे. पिरंगुटच्या पुढे सासऱ्यांची थोडी जमीन आहे, तिथे म्हशींचा जुना गोठा होता तोच नीटनेटका करून १२ बाय १२ ची एक खोली काढली, खाली शहाबादी फरशी होती ती तशीच राहू दिली. उन्हाळाभर काही त्रास नाही. खाली भाताचा पेंढा टाकायचो, मुळशीत पेंढ्याला काय तोटा, शेजारी गंजीच्या गंजी पडल्यात.

जून संपला आणि वाट लागली. पेंढा दोन दिवसात ओला होऊन काळा पडतो, सकाळी दार उघडलं की डोळ्यात पाणी येईल असा वास, घोडी सकाळी चार-पाच वेळा खोकते, आणि अंथरलेल्यातला अर्धा पेंढा रात्रीत खाऊन टाकते ते वेगळंच. परवा नालबंद आले होते त्यांनी मागचा पाय उचलून मलाच वास घ्यायला लावला. खुराच्या तळाला मधोमध तो त्रिकोणी मऊ भाग असतो ना, त्याच्या खाचेत काळं सडकं काहीतरी. म्हणाले ताई ही घोडी मुतात उभी राहते.

आमच्याकडे कामाला मामा आहेत, जन्म म्हशीत गेलेला, त्यांचं म्हणणं वरून अजून पेंढा टाका, झाकलं जातं. मला पटत नाहीये पण दुसरं काय करायचं तेही कळत नाहीये. नेटवर बघावं तर सगळं परदेशातलं. तर पुण्याच्या आसपास ज्यांची जनावरं आहेत त्यांनी सांगा, खाली काय टाकता, कुठून आणता, किती लागतं. फोटो टाकायला गेले, जमलं नाही.

सदाशिव_पेठेतला
४ जुलै, रात्री ११:०५

आमच्याकडे चार पाहुणे आले तर माणसांना अंथरूण पुरत नाही आणि इथे घोडीला १२ बाय १२ ची मास्टर बेडरूम. जळलो. विषयातलं शून्य कळतं पण वाखुसा (वाचनखूण साठवली).

पागेवाला
५ जुलै, सकाळी ६:१८

ताई आधी मामांना थांबवा. वरून थरावर थर टाकायची पद्धत आहे, नाही असं नाही, पण ती थंडीतली, कोरड्या हवेतली. आत्ता केलं तर खाली खत तयार होतंय आणि वर घोडी उभी आहे एवढाच त्याचा अर्थ.

माझे वडील मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे होते, सगळी नोकरी रेसच्या घोड्यांत. पुण्याचा रेसचा सीझनच मुळी पावसाळ्यात, मुंबईचा थंडीत, त्यामुळे ओल्या हवेत घोडा कोरडा ठेवणं हेच त्यांचं रोजचं काम. त्यांची पद्धत लिहितो. सकाळी घोडा बाहेर निघाला की पहिली लीद उचलायची. मग वरचा कोरडा पेंढा दाताळ्याने भिंतीच्या कडेला उभा करायचा, मधला ओला सगळा बाहेर, सगळा म्हणजे सगळा, तिथे जीव अडकवायचा नाही. मग फरशी उघडी ठेवून वारा लागू द्यायचा, दोन-तीन तास तरी. घोडा आत यायच्या आधी कडेचा पेंढा मधे, त्यावर नवा. भिंतीकडचा पेंढा आज मधे आणि मधला उद्या भिंतीकडे, असा फिरता ठेवायचा.

पण हे सगळं नंतर. आज एक काम करा, खोली रिकामी करा आणि मधोमध बादलीभर पाणी ओता. कुठे जातंय ते बघा. दाराकडे गेलं तर चांगलं, तिथेच थबकलं तर तुम्ही सोन्याची तार अंथरली तरी हाच वास येणार. म्हशीचा गोठा म्हणताय तर मागे गव्हाण आणि पुढे नाली असेल, भिंती घातल्या तेव्हा ती नाली बुजवली असणार, माझा अंदाज.

आणि भाताचा पेंढा मला स्वतःला आवडत नाही. मऊ असतो, दबतो, पाणी धरून बसतो, आणि घोडा खातो. गव्हाचं लांब काड चांगलं, पोकळ नळी, गुळगुळीत, मूत खाली उतरतं आणि वर कोरडं राहतं. अडचण एवढीच की आता आपल्याकडे गहू मळणी यंत्रातून निघतो आणि त्यात काडाचा बारीक भुसा होतो. तो बारीक भुसा अंथरायला आणू नका, धूळ धूळ होते.

सदाशिव_पेठेतला
५ जुलै, सकाळी ९:३०

भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं. न फिरवल्यामुळे. आज चौथं कळलं, पेंढा का कुजला.

पशुवैद्य_२२
५ जुलै, दुपारी २:४०

पागेवाले बरोबर सांगतायत. थोडं कारण पण सांगतो म्हणजे मामांना समजावता येईल.

घोड्याच्या मुतात युरिया असतो. लिदेतले आणि खालच्या घाणीतले जंतू त्याचा अमोनिया करतात, उबदार आणि ओलं असेल तर भराभर. डोळ्यात पाणी आणणारा वास तो हाच. आपण पाच-साडेपाच फुटांवर नाक घेऊन उभे असतो, घोडी आडवी झाली की तिचं नाक जमिनीपासून वीतभर. आज रात्री खोलीत गुडघे टेकून बसा आणि तिथला श्वास घ्या, मग मला सांगा. अमोनियाने श्वासनळीचं अस्तर चिडतं, त्यात बुरशी लागलेल्या पेंढ्याची धूळ, मग खोकला येणारच. पूर्वी लोक दमेकरी घोडा म्हणायचे तो बरेचदा असाच तयार झालेला असायचा. पण खोकला आहे म्हणजे बेडिंगच असं घरबसल्या ठरवू नका, ताप बघा. ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस नॉर्मल. त्याच्या वर असेल, नाकातून घट्ट शेंबूड येत असेल, खाणं कमी झालं असेल तर धागा सोडा आणि डॉक्टर बोलवा.

खुराचं जे सांगितलंत त्याला थ्रश म्हणतात. ते जंतू हवा नसलेल्या घाणीत वाढतात, म्हणून खूर रोज कोरून स्वच्छ करणं हा अर्धा इलाज आणि कोरडी जमीन हा उरलेला अर्धा. औषध काय लावायचं ते पाय बघूनच सांगता येईल.

पेंढा खाण्याबद्दल. एखादी काडी चघळली तर काही होत नाही, पण जी घोडी रात्रभर तेच खाते तिच्या आतड्यात गोळा अडकून पोटशूळ होऊ शकतो, आणि घोड्याचा पोटशूळ म्हणजे काय ते ज्याने बघितलंय त्याला विचारा. घोड्याला उलटी करता येत नाही, हे बऱ्याच जणांना माहिती नसतं. रात्रीची वैरण पुरेशी आहे का बघा, भुकेपोटी पण खाल्लं जातं. आणि वैरण खायला मिळाली तर अंथरुणावरचं लक्ष कमी होतं.

वरातवाला_कोथरूड
५ जुलै, रात्री ९:१५

माफ करा पण एवढं काय त्यात. आमच्या आज्यापासून वरातीच्या घोड्या आहेत, कधी गादी घातली नाही, मुरमाच्या जमिनीवर बांधतो, आगाडी पिछाडी (पुढच्या-मागच्या पायांच्या दोऱ्या) लावतो, सकाळी लीद काढली, खरारा केला, झालं. माउलींचा अश्व अंकलीवरून चालत आळंदीला येतो आणि तिथनं पंढरपूर, त्याला कोण अंथरूण घालतंय वाटेत? घोडा उभ्याने झोपतो. हे सगळं बंगलेवाल्यांचे लाड आहेत.

पशुवैद्य_२२
५ जुलै, रात्री १०:०२

भाऊ उभ्याने डुलकी घेतो हे खरं, पायाच्या सांध्यांना आतून खिटी लावल्यासारखी सोय असते त्यामुळे स्नायू न थकता उभा राहतो. पण गाढ झोप, स्वप्नं पडतात ती, त्याच्यासाठी घोड्याला आडवं व्हावंच लागतं. दिवसाला अर्धा-पाऊण तास पुरतो पण तेवढा लागतोच. जागा कडक, निसरडी किंवा ओली असेल तर तो आडवा व्हायचं टाळतो, आणि काही दिवसांनी उभ्या उभ्या गुडघ्यात मोडून पडायला लागतो. पुढच्या गुडघ्यांवर जखमांचे जुने व्रण दिसले की मी पहिला प्रश्न हाच विचारतो, झोपतो कुठे. तुमच्या मुरमाच्या जमिनीबद्दल मला तक्रार नाही, मुरूम पाणी पितो आणि शहाबादीएवढा घसरत पण नाही. कोपराला आणि मागच्या गुडघ्यांना घट्टे आहेत का तेवढं सांगा.

वरातवाला_कोथरूड
५ जुलै, रात्री १०:२०

दोघींना आहेत.

पागेवाला
५ जुलै, रात्री १०:४१

आणि वारीतला अश्व दिवसभर चालतो हो, चार भिंतीत २० तास उभा नसतो. तिथेच सगळा फरक आहे.

पिरंगुटची_पागा
६ जुलै, सकाळी ११:१०

बादली ओतली. पाणी तिथेच. थोडं मागच्या कोपऱ्यात गेलं, जिथे घोडी मुतते बरोबर तिथेच. आणि नाली खरंच बुजवली होती, आमच्या गवंड्याने, वरून सिमेंट. पागेवाले तुम्ही आमचा गोठा बघून गेलात की काय.

रात्री गुडघे टेकून बसले. एक मिनिट नाही बसवलं. मामांना पण बसवलं. ते काही बोलले नाहीत पण आज सकाळी मी यायच्या आत सगळा ओला पेंढा बाहेर होता. ताप बघितला, ३८.१, खाणं व्यवस्थित.

आता फरशी पूर्ण उखडणं या पावसात शक्य नाही. सासरे म्हणतात खाली चुना मारा, गोठ्यात मारायचे. मारू का?

पशुवैद्य_२२
६ जुलै, दुपारी १:३०

चुना नको. कळीचा चुना ओलाव्यात तापतो, खूर आणि कातडी भाजते. विरवलेला पण तिखटच. शिवाय अल्कली पडली की मुतातला अमोनिया विरघळलेला राहायचा तो उलट वायू होऊन वर येतो, म्हणजे वास मारायला गेलात आणि वाढवून बसलात. राखेची पण तीच गत. खोली रिकामी असताना चुना मारून, वाळवून, झाडून काढून मग घोडी घेतलीत तर गोष्ट वेगळी, ती सफाई झाली.

भवानीपेठी_टिंबर
६ जुलै, संध्याकाळी ७:५०

लाकडाचा विषय निघणारच म्हणून आधीच लिहितो, आमचं टिंबर मार्केटमधे तीन पिढ्यांचं दुकान आहे आणि भुसा विकूनही बघितलाय. लोक येतात आणि भुसा द्या म्हणतात. भुसा दोन प्रकारचा. करवतीचा म्हणजे पिठासारखा, आणि रंध्याची सालपटं. घोड्याला सालपटं. करवतीचा भुसा हलका, उडतो, नाकात जातो, ओला झाला की लगदा. सालपटांच्या मधे हवा राहते, पाणी पण पितात, गादी पण होते.

आता खरी गोम. आमच्या मार्केटमधला मिक्स भुसा घोड्यासाठी मी स्वतः देणार नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. कारण त्यात सागवान आहे, बाभूळ आहे, आणि आता फर्निचरचं सगळं काम प्लायवुड आणि एमडीएफमधे, त्याचा भुसा म्हणजे वाळलेला डिंक, फॉर्मल्डिहाइडवाला. सागाच्या भुशाने आमच्याच पोरांच्या हाताला खाज सुटते. वर खिळे, स्टेपलच्या पिना. अमेरिकेत काळ्या अक्रोडाच्या सालपटांवर घोडा उभा राहिला तर एका दिवसात खुराच्या आत सूज येऊन लंगडतो, ते लाकूड आपल्याकडे क्वचितच दिसतं म्हणा, पण लाकूड म्हणजे सगळं सारखं नसतं हे सांगायला पुरे.

तुम्ही चाकणला विचारा. किंवा भोसरी. तिथे गाड्यांच्या पार्टसाठी लाकडी खोकी आणि पॅलेट (माल ठेवायचे फळ्यांचे पाट) बनवणारे आहेत, सगळं पाइन, एकच जात, आणि रंधा मारतात तिथे सालपटं ढिगाने पडतात. नवीन लाकडाचीच घ्या. वापरलेली पॅलेट फोडून केलेली नको. एक खूण सांगतो, पॅलेटवर शिक्का असतो, एचटी म्हणजे लाकूड नुसतं तापवून कीडमुक्त केलंय, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलाय. एमबी दिसलं तर घोडा काय, चुलीत पण घालू नका.

मावळचा_गिरणीवाला
७ जुलै, सकाळी ८:०५

कामशेतजवळ आमची भाताची गिरण आहे. तूस पण बघा ताई. भाताचं टरफल. कोंबडीवाले न्यायला रांगेत असतात पण घोडेवाले पण दोन-तीन जण येतात आमच्याकडं.

पण गिरण कोणती ते इचारून घ्या. जुनी हलरची गिरण असंल तर तूस आणि कोंडा एकत्रच पडतो, त्यात कणी बी असती. ते जनावर खाणार, आणि पावसात त्याला चार दिवसात जाळी धरती. शेलरच्या गिरणीत रबराच्या रोलमधून टरफल आख्खं सुटतं, कोंडा पुढच्या मशीनला वेगळा निघतो. ते तूस स्वच्छ असतं, हातात घेतलं तर खरखरीत, कुजत लवकर नाही कारण त्यात वाळूचाच अंश असतो म्हणतात.

दुसरं, तूस पाणी पीत नाही. खाली सोडून देतं. म्हणून खाली मुरूम पायजे नाहीतर उतार. तुमच्या सपाट फरशीवर तुसाच्या खाली डबकं होईल. आणि आमच्याकडं इंद्रायणी भाताची कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरला, ताजं तूस तेव्हापासून उन्हाळ्यापर्यंत. आत्ताचं साठवणीचं आहे, गोणीत हात घालून बघा, गरम किंवा दमट लागलं तर घेऊ नका.

पशुवैद्य_२२
७ जुलै, सकाळी ९:२०

गिरणीवाले दंडवत. वाळूचा अंश म्हणजे सिलिका, तुसाची राख केली तर ती जवळजवळ सगळी सिलिकाच निघते. हलर आणि शेलरचा हा फरक मी आजवर कुठल्याही घोडेवाल्याला सांगितला नव्हता, इथून पुढे सांगेन.

दौंडचा_अवलिया
७ जुलै, दुपारी ४:००

आमच्याकडे गुऱ्हाळावर चिपाडाचे डोंगर आहेत, फुकट न्या म्हणतात, ते चालेल का? शेंगांची टरफलं पण आहेत.

पशुवैद्य_२२
७ जुलै, दुपारी ४:३५

चिपाडात गोडवा उरलेला असतो, आंबतं, मुंग्या माश्या येतात, आणि जुन्या ढिगाच्या बुरशीने साखर कारखान्यातल्या माणसांना फुप्फुसाचा आजार होतो, त्याला बगॅसोसिस असं नावच आहे. शेंगांच्या टरफलांना पण बुरशी फार लवकर धरते आणि घोडे ती आवडीने खातात. दोन्ही नको. गुऱ्हाळाच्या चुलीत जातंय तेच बरं आहे.

लंडनवासी_पुणेकर
८ जुलै, रात्री २:१२

इथे मी वीकेंडला एका तबेल्यात मदतीला जाते. अजून पेंढावाले आहेत, पण बरेच जण लाकडी पेलेट (भुसा दाबून केलेल्या गोळ्या) वापरतात, गोण्या ओतायच्या, पाणी मारायचं, फुगून भुगा होतो. काही जण भांगेच्या जातीच्या झाडाचा गाभा, हेम्प. (हो हो तीच भांग, पण नशा नसलेली, घोडे शुद्धीत असतात.) गंमत म्हणजे इथे नारळाच्या काथ्याचा भुगा पण मिळतो, भारतातून आलेला. आपल्याकडे कोकोपीट एवढं असताना कोणी घोड्याला का नाही वापरत?

पशुवैद्य_२२
८ जुलै, सकाळी ८:४५

वापरतात थोडे जण. कोकोपीट वजनाच्या आठपट पाणी पितं, पेंढा दुपटीच्या आसपास, त्यामुळे शोषण्यात त्याचा हात कोणी धरत नाही. पण रंग काळपट असल्याने ओलं कुठे आणि कोरडं कुठे तेच दिसत नाही, मामांसारख्या माणसाला सांगणं अवघड. नीट न धुतलेल्यात मीठ असतं, घोडी चाटत बसते. आणि पूर्ण वाळलं की धूळ. कुंड्यांच्या भावात १२ बाय १२ भरायचं म्हणजे ताईंना जमीन विकावी लागेल.

जुना_शिलेदार
८ जुलै, सकाळी १०:३०

अवांतर पण अगदीच नाही. पागा शब्द आला म्हणून. शिवकाळात सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन येणारा शिलेदार, हे शाळेत होतं. पागेचा हिशोब ठेवणाऱ्यांचं आडनाव पागनीस, अजून पुण्यात सापडतात. पण मुद्दा वेगळा आहे. महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या लष्कराला लिहिलेलं पत्र बऱ्याच जणांनी वाचलं असेल. त्यात रयतेला काडीचाही त्रास देऊ नका म्हटलंय ते सगळ्यांना आठवतं, पण त्या पत्रात घोडी आणि वैरण यांच्याबद्दलच कितीतरी आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आत्ताच उधळलंत तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, हा एक भाग. दुसरा आगीचा. कोणी स्वयंपाक करतो, कोणी तंबाखू ओढतो, रात्री दिवा जळता ठेवतात, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि एकही घोडा वाचणार नाही. उंदराने वात नेण्यापर्यंतचा विचार केलाय हो.

ताई तुम्ही पेंढा कुठे साठवताय? पागेला लागून असेल तर हलवा. आणि लाइटची वायर बघा.

पिरंगुटची_पागा
८ जुलै, दुपारी १२:१५

पागेच्या माळ्यावर. घोडीच्या डोक्यावर. आणि बल्बची वायर त्याच्याच मधून गेलीये. आत्ता माणूस पाठवला.

नर्सरी_उरुळी
८ जुलै, रात्री ८:००

लीद घेणाऱ्यांचं पण ऐका जरा. आम्ही घोड्याची लीद घेतो खतासाठी. पेंढ्यात मिसळलेली असेल तर सोनं, लवकर कुजते, बटण मशरूमवाले पण तीच मागतात. लाकडाच्या सालपटातली असेल तर वर्षभर थांबावं लागतं, नाहीतर लाकूड कुजताना मातीतलं नत्रच ओढून घेतं आणि रोपं पिवळी पडतात. एकदा घाईत घातली होती शेवंतीला, पूर्ण वाफा गेला. तेव्हा सालपटं वापरणार असाल तर ढीग वेगळा लावा आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत हात लावू नका.

पिरंगुटची_पागा
१३ जुलै, रात्री ९:५५

अपडेट देते, थोडं लांबलंय.

गवंड्याला परत बोलावला (तोच, त्याच्याच पैशात). त्याने मागच्या भिंतीकडच्या दोन ओळी फरशी काढून नाली मोकळी केली, आणि उरलेल्या फरशीवर खडबडीत सिमेंटचा थर दिला, १२ फुटाला दोन इंच उतार. तोवर चार दिवस घोडी बाहेर पत्र्याखाली होती, मुरमावर, आणि खोकला तिथेच निम्मा झाला. म्हणजे वरातवाले भाऊ, तुमचं मुरमाचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं बरं का.

सिमेंटवर टाकायला भोसरीच्या भंगारातून कारखान्यातले जुने कन्व्हेयर पट्टे आणले, रबरी. खरे मॅट परवडत नव्हते. तुसाच्या १० गोण्या मावळातून आणून तीन दिवस वापरून बघितल्या. स्वच्छ होतं, शेलरचंच, पण रबरावर पायाखालून सरकतं, सकाळी सगळं तूस भिंतीला आणि घोडी उघड्या पट्ट्यावर. मग चाकणला गेले. दोन ठिकाणी हाकलून दिलं, तिसऱ्या ठिकाणी मालक म्हणाले न्या, आम्हाला जागाच हवीये. पाइनची सालपटं, पांढरीधोप, वास पण छान.

गणित कोणाला हवं असेल तर, १२ बाय १२ म्हणजे साधारण १३ चौरस मीटर, अर्धा फूट जाडीची गादी म्हटली तर दोन घनमीटर, आमच्या १०० लिटरच्या गोणीने २० गोण्या. खाली रबर असल्यामुळे मी निम्मी जाडी ठेवली, ११ मधे झालं. रोज लीद आणि ओला गठ्ठा काढला की आठवड्याला तीन-चार गोण्यांची भर.

पागेवाला
१४ जुलै, सकाळी ६:०५

पट्ट्यांच्या कडा बघा, आत तार किंवा जाड कापड असतं ते सुटून खुराला लागतं. कडा भिंतीखाली दाबून घ्या. आणि महिन्यातून एकदा पट्टे उचलून खाली धुवा, लोक हेच विसरतात, वर चकाचक आणि रबराखाली तळं. अजून एक, भिंतीच्या कडेने सालपटांचा फूटभर बांध ठेवा. घोडी लोळताना भिंतीकडे पाय करून अडकली तर तिला स्वतःचं उठता येत नाही, रात्रीचं झालं तर सकाळपर्यंत झटापट करून जीव जातो. बांध असला की ती मधेच राहते.

पेंढ्याचा माणूस मीच, पण तुमच्या खोलीला आत्ता हेच बरोबर आहे. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की बघू.

वरातवाला_कोथरूड
१४ जुलै, रात्री ११:३०

ताई त्या भोसरीवाल्याचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. घट्ट्यांचं डॉक्टर बोलले ते डोक्यातून जाईना.

पिरंगुटची_पागा
२ ऑगस्ट, सकाळी ७:४०

खोकला आठ दिवसात एकदा ऐकला. खुराची खाच गुलाबी दिसायला लागलीये, नालबंद खूश. पेंढा आता बाहेर वेगळ्या शेडमधे, फक्त खायला, तोही निवडून, पाणी शिंपडून. रात्रीची वैरण वाढवली.

आणि आज सकाळी दार उघडलं तर घोडीच्या अयाळीत, शेपटीत, एका कानात पण सालपटं. उजवी कूस पूर्ण पांढरी. फेब्रुवारीपासून मी तिला एकदाही आडवी झालेली बघितली नव्हती, मला वाटायचं हिची सवयच नसेल. मामा म्हणाले झोपली वाटतं बाई, आणि खरारा घेऊन आत गेले.

रविवारी चाकणहून टेम्पो येतोय, अर्धा रिकामा आहे. भूगाव, बावधन, कोथरूडपैकी कोणाला सालपटं हवी असतील तर शुक्रवारपर्यंत सांगा, भाडं वाटून घेऊ.

वरातवाला_कोथरूड
२ ऑगस्ट, सकाळी ८:१०

माझ्या १५ गोण्या धरा.

सदाशिव_पेठेतला
२ ऑगस्ट, सकाळी ८:२२

माझी एक. पाहुणे अजून गेलेले नाहीत.